चिंचेनं घासलेला हत्ती

रायपूर

प्रिय दिवाकर,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे. केस पांढरे झाले, पण आवाज अजून माईकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. रिटायर व्हायला थोडे महिने उरलेत, म्हणून विद्यापीठात सगळे माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलतात. भयंकर राग येतो मला त्याचा.

तू नागपूरला गेलास आणि इकडे विद्यापीठाचा कलासंग्रह माझ्या गळ्यात पडला. संचालक व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून रसायनशास्त्राच्या बाईंना धरलं. त्यांना वाटलं, बाई हॉलला कुलूप घालून मोकळी होईल. मी तिथं वर्गच भरवायला लागले. पोरं बस्तरचा पितळी हत्ती पाण्यात बुडवून त्याची घनता काढतात. मेणाची मूर्ती करायची, वरून माती थापायची, भट्टीत मेण वाहून जातं आणि त्या जागी पितळ शिरतं. हे एकदा स्वतःच्या हातानं केलं की द्रवणांक पुन्हा शिकवावा लागत नाही. तू आणि मी एम.एस्सी.ला असताना असंच केलं होतं, आठवतं? त्याच हत्तीसमोर बसून, त्याच्या पाठीवरच्या रेघा पाहून पाहून तू मेणाचं कासव केलंस. चौथ्या पायापर्यंत पितळ पोचलंच नाही. तू चिडून ते फेकायला निघालास, मी ठेवून घेतलं. आजही माझ्या टेबलावर कागद दाबायला तेच आहे.

आता इथलं ऐक. गेल्या महिन्यात मोठे पाहुणे येणार होते आणि मी परीक्षेच्या कामाला बाहेर होते. कार्यालयाच्या हुकमावरून हॉलची झाडलोट करणाऱ्या कलावतीबाईंनी सगळ्या मूर्ती चिंच आणि राखेनं घासल्या. मी परतले तर बाई कौतुकानं म्हणाल्या, "मॅडम, पाहा ना, कश्या चमकून राहिल्या!" त्यांचा काय दोष, देवघरातलं पितळ आपण सगळेच असं घासतो. पण पितळेवर इतक्या वर्षांत बसलेला काळा थर एका दुपारी मोरीत वाहून गेला. मी हत्तीला हात लावून रडले, दिवाकर. पाहुणे मूर्ती बघून म्हणाले, हा तर कालपरवाचा बाजारातला माल आहे, एवढा मोठा हॉल कशाला अडवायचा? लगेच समिती नेमली. संग्रह भनपुरीच्या गोदामात आणि हॉलमध्ये पाहुण्यांसाठी सोफे, असा बेत आहे.

मी दुसऱ्याच दिवशी हॉलमध्येच तास घेतला. चिंचेतल्या आम्लानं धातूवरच्या थराचं काय होतं, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण कुठून आणू? अनुश्री नावाची हुशार पोट्टी आहे, मराठी समजते पण उत्तर हिंदीतच देते. तिनं विचारलं, "मैम, फिर से काला होने में कितना टाइम लगेगा?" मी म्हटलं, माझं आयुष्य पुरणार नाही, तू लक्ष ठेव. ती म्हणाली, "हव, मैम." गोदामातल्या हत्तीवर कोण लक्ष ठेवणार?

जाताना तू म्हणाला होतास, "काहून सडून राहिली इथं? चाल माझ्यासंगं." तुझ्यावर प्रेम होतं, खोटं कशाला बोलू. या कामावर जास्त होतं. मी सडले नाही, एवढं तुला सांगायचं राहून गेलं होतं.

आणि सांगायची वेळ आली ती अशी. समितीवर बाहेरचा तज्ज्ञ म्हणून तू येतोयस, असं कुलसचिवांनी काल सांगितलं. ही विनंती नाही, मी कोणापुढे हात जोडत नाही. सोमवारी ये. टेबलावर हत्ती असेल, लखलखीत. शेजारी तुझं तीन पायांचं कासव, कधीच न घासलेलं, काळंकुट्ट. त्या कासवासमोर बसून हत्ती कालपरवाचा आहे, असं लिहून दाखव. लिहिलंसच, तरी मंगळवारी माझा तास त्याच हॉलमध्ये आहे, आणि किल्ली माझ्या कमरेला.

एकेकाळी तुझीच, आता रायपूरची,
कौमुदी