मामाजींच्या मैदानाचा धुरा

प्रिय मामाजी,

पाया पडते. सुनेनं सासऱ्याला पत्र लिहायचं, तेही सासरा मागच्या दिवाळीतल्या मंडईच्या जत्रेनंतर वर निघून गेलेला! गावात कळलं तर म्हणतील, दरेकशावालीचं डोकं फिरलं. म्हणू देत. उद्या सकाळी तुमच्या मैदानात धानाची रोपं लावायची आहेत, रोवणा आहे. हे तुमच्याशिवाय सांगू कुणाला?

हो, तुमच्याच मैदानात! तुमच्या चिरंजीवांनी फुटबॉलच्या गोलाचे बांबू उपटले, पाणी अडवणाऱ्या धुऱ्याचं फोडलेलं तोंड मातीनं बुजवलं आणि चिखलणी करून टाकली. आता तिथं पाणी उभं आहे आणि बगळे फिरून राहिलेत.

रागावू नका त्यांच्यावर. लढाईपासून तांदळाचे किती हाल झाले ते तुम्हीही पाहिलंत. घरात खाणारी तोंडं वाढली. ते म्हणतात, "राज्य बदलून राहिलं, गोरे चालले आपल्या देशी. बाबाबी गेले. आता मैदान कायले पायजे?" मी म्हटलं, "गोऱ्यांसाठी होतं काय ते?" तर ताटावरून उठले.

मामाजी, तुम्हाला हे वेड लागलं कुठून हो? धान विकायला गोंदियाला गेलात आणि स्टेशनाजवळ रेल्वेवाल्यांना फुटबॉल खेळताना पाहून आलात. बैलबंडीतून उतरायच्या आत ओरडलात, "आपल्या गावात मैदान करतो म्या!" सासूबाई म्हणाल्या, "अव माय! उन्हानं डोस्कं तापलं काय?" तुम्ही ऐकलं थोडंच! बोडीच्या तळ्याखालची सगळ्यात कसदार धानाची बांधी देऊन मोकळे झालात.

आणि मैदान केलंत कसं? धानाला करतात तसं! पाणी भरलंत, हेले जुंपून चिखल केलात, वरून फळी फिरवलीत. वाळल्यावर जमीन ताटासारखी सपाट. लोकांना बसायला चारी बाजूंचा धुरा तसाच ठेवलात. पाणी बाहेर जायला वाट मात्र ठेवली नाहीत. बांधीतून पाणी घालवायचं असतं, हे तुमच्या डोक्यात यावं तरी कसं?

पुढं त्याच मैदानात मंडईला दंडारीचं नाटक रंगलं, कुस्त्या झाल्या, पोरं हुतूतू खेळली. पण दसऱ्याचा तो पहिला सामना आठवतो ना? रेल्वेची टोळी आली होती. एक गोरा ड्रायव्हर, दोन बंगाली बाबू, एक मद्रासी, बाकी कुठले कुठले. तुम्ही मिशीला पीळ देऊन म्हणालात, "पाहा, आपल्या बांधीत विलायत आली!"

आणि आदल्या रात्रीपासून पाऊस कोसळला. सकाळी पाहतो तर मैदानाचा तलाव! पाहुणे बूट हातात घेऊन धुऱ्यावर उभे. सारा गाव ओरडतोय, "पाटीलबाबा, फोडा न धुरा!" तुम्ही फावडा उचलायचे आणि खाली ठेवायचे. लोंब्या भरायच्या दिवसांत बांधीचं पाणी सोडायचं? हातच धजेना तुमचा. कपाळावर पाऊस होता की घाम, कुणास ठाऊक. मला म्हणालात, "माह्या हातानं नाई होत, बहू."

मी नवी नवरी. माहेर दरेकशाच्या डोंगरातलं, आमच्याकडं पाणी थांबतंच कुठं! डोक्यावरचा पदर दातात धरला, फावडा घेतला आणि इतक्या माणसांदेखत धुरा फोडला. पाणी धो धो नाल्यात गेलं. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत, पण तुम्ही त्या संध्याकाळी मला समोर बसवून फुटबॉलचे कायदे शिकवलेत. सुनेला! बाप्पा, कुठल्या सासऱ्यानं केलं असेल असं?

ते शिकवलेलं कामी आलं, मामाजी. तुमचे डोळे गेले तेव्हा खाट धुऱ्यावर नेऊन टाकायची आणि मी शेजारी बसून खेळ सांगायचा. "चेंडू कोणापाशी हाय? बोल न लवकर!" किती घाई हो तुम्हाला! मागच्या मंडईचा सामना आपण हरलो. मी ते शेवटी, हळूच सांगितलं. तुम्ही हसलात. "हरलो त हरलो, बहू. पोरं खेळले न?"

मग सांगा, तिथं मी धान कसं लावू?

आपल्या घरचा रिवाज तुम्हाला ठाऊकच आहे. रोवण्याची पहिली मूठ घरच्या सुनेनं लावायची, त्याशिवाय कुणी बाई बांधीत पाय घालत नाही. आज दुपारी मी तुमच्या चिरंजीवांना सरळ सांगितलं, "तेथं पहिली मूठ म्या नाई लावत."

"मंग कोन लावल?"

"तुमीच लावा, लुगडं नेसून!"

हसू फुटलं त्यांना, मग राग आला, मग बाहेर निघून गेले. दिवस मावळेपर्यंत मैदानाच्या धुऱ्यावर बसलेले दिसले, पाण्याकडं पाहत.

खरं सांगू? मलाही सोपं नाही. तेव्हा मला धुऱ्याची किंमत माहीत नव्हती. आता इतकी वर्षं चिखलात वाकून माझी कंबर गेली. भरलेली बांधी म्हणजे काय, ते आता कळतं. तुमचा हात त्या दिवशी का थांबला, तेही कळतं.

आत्ता दिवेलागणीला ते परत आले. गोठ्यात पडलेला तुमचा फावडा काढला, दगडावर घासून धार लावली आणि माझ्या चुलीजवळ भिंतीला टेकवून ठेवला. मग पाठ करून म्हणाले, "रोपाचे परे वरच्या बांधीत दाटून लावू. उरले त उरले." तुमचाच लेक आहे तो, मामाजी. भरलेल्या बांधीचं पाणी त्यालाही सोडवत नाही. मला रडूच आलं.

तर हे वचन घ्या. उद्या रोवण्याच्या बाया यायच्या आत मी धुरा फोडीन. पहिली मूठ वरच्या बांधीत लावीन. आणि मी आहे तोवर त्या तोंडावर मातीचं ढेकूळ पडू देणार नाही. दसऱ्याला धुऱ्यावर तुमची खाटही टाकीन, रिकामी. शेजारी बसून चेंडू कोणापाशी आहे ते सांगत राहीन. मोठ्यानं सांगीन, ऐका बरं.

तुमची बहू,
दरेकशावाली