शेरभर तूप गेलं कुठं

॥ श्री नृसिंह प्रसन्न ॥
पोखर्णी, माघ शु. ६, शके १८६१

ती. दादास लीलाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. हैदराबादच्या थंडीत तू कानटोपी घालत नसशील, हे मला इथून दिसते. आता माझे दुःख ऐक. मामंजींनी परभणीच्या बाजारातून नवा तराजू आणला आणि सासूबाईंनी पहिले लोणीच तोलले. चार शेर भरले. मी ते कढवले, तर तूप जेमतेम तीन शेर निघाले. उरलेला शेर मी चाटला, असे त्यांनी ठरवून टाकले आहे. मला लोण्याचा वाससुद्धा सोसत नाही! चोरटी सून मांडवात मिरवायला पाठवायची न्हाई, असे त्यांनी शेजारच्या बायनाबाईंसमोर जाहीर केले. फाल्गुनात आपल्या धाकट्या बहिणीच्या, हेमाच्या लग्नाला मी नसले, तर रडून रडून मरेन. तू कॉलेजात रसायन शिकतोस ना? मग काहीतरी कर.

लोभ नेहमीचा आहेच, यावेळी थोडा जास्त असू दे.
तुझी, लीला

हैदराबाद, माघ शु. १२

चि. सौ. लीलास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसलो, पण हेमाचे नाव आले तेव्हा थांबलो. घाबरू नकोस. आमचे प्रोफेसर उर्दूतून शिकवतात की माद्दा कधी फना होत नाही. म्हणजे जगातली कोणतीही वस्तू नाहीशी होत नाही. रूप पालटते, पण तिचे सगळे वजन कुठेतरी असतेच. फार थोर नियम आहे. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे त्या गप्प बसतील.

कानटोपी घालतो. माया आहेच, ती तोलू नये.
उद्धव

पोखर्णी, माघ व. ३

ती. दादास नमस्कार, रागाने.

तुझे शास्त्र वाचून दाखवले. सासूबाईंनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाल्या, पोरगा लय हुशार हाय. शेर नाहीसा झाला न्हाई म्हणजे तो हिच्या पोटात हाय, भावानंच कबूल केलं. आता आल्यागेल्याला तुझे पत्र दाखवतात. मामंजी मिशीत हसतात. हेमासाठी घेतलेल्या बांगड्या पेटीत तशाच पडून आहेत. असली मदत पुन्हा करू नकोस, किंवा नीट तरी कर.

रागावले तरी तुझीच, लीला

हैदराबाद, माघ व. ९

चि. सौ. लीलास आशीर्वाद, आणि माफी.

ऐटीत अर्धेच लिहिले. लोणी म्हणजे नुसते तूप नव्हे. त्यात पाणी आणि ताक असते. चुलीची उष्णता लागली की पाण्याची वाफ होऊन उडून जाते. कढताना तडतडते ते पाणीच. थोडी बेरी खाली उरते. वाफेला मात्र तराजूत बसवता येत नाही, तिथेच तू अडकलीस. आता काही वाचून दाखवू नकोस. सासूबाईंनीच लोणी तोलून, आतून कडी लावून, स्वतः कढवावे. तू अंगणात बस. कढताना वर गार पाण्याचा तांब्या धरला तर बुडाला थेंब जमतील.

उत्तराची वाट पाहतो, झोप नीट नाही.
उद्धव

पोखर्णी, फाल्गुन शु. २

चि. उद्धवराव यांस कस्तुराबाईचे आशीर्वाद.

मी सांगायलेय, लीला लिहायलीय. तिनं मधी आपलं काही घुसडलं तर ध्यानात घेऊ नका.

लोणी मीच तोललं, चार शेर. मीच कढवलं. कडी आतून. तांब्याच्या बुडाला थेंब आले, ते बोटानं चाटून पाहिले, पाणीच व्हतं. कडी काढली तर आमचे हे तराजू घेऊन दारातच उभे. तीन शेराच्या वर काटा हालंना. बाकीचं कुठं ठेवलं म्हणून मलाच इचारायलेत! बायनाबाई तर तवापासून माझ्या तोंडाकडंच बघायलीय. (दादा, इथे सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या.)

लीलाला लग्नाला पाठवायलेय. सोबत तुपाचा डबा हाय, आईला द्या.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. मी नवी नवरी असताना माझ्या सासूनं हाच आळ घेतला व्हता. मी देवाची आण घेतली, पर तिनं मरेपर्यंत माझ्या पोळीवर तूप वाढलं न्हाई. तवापासून मला वाटायचं, घरात कुणी तरी खातंच. कुणीच खाल्लं नव्हतं, हे आज कळालं.

येत्या पित्राला सासूच्या पानावर मी भरपूर तूप वाढणार हाय. पर आदी हे सगळं तिला सांगणार. मग कावळा शिवो का न शिवो.

माया राहू द्या.
कस्तुराबाई