नंदाची समिती, आमची चाळ

३ ऑगस्ट, रविवार
नंदाचा दिल्लीहून फोन. बदली झाली. मंत्रिमंडळ सचिवालय, समित्यांची शाखा. हिला सांगितलं तर म्हणते, "म्हंजी बढती का शिक्षा?" मलाही कळलं नव्हतं, पोरीकडून समजून घेतलं. सगळं मंत्रिमंडळ दर वेळी बसत नाही. पंतप्रधान आणि वजनदार असे थोडे मंत्री, त्यांची समिती. संरक्षणाची वेगळी, अर्थकारणाची वेगळी. तिथं ठरलं की देशाचं ठरलं. आमची पोरगी त्यांचे कागद लावते, इतिवृत्ताचा मसुदा करते.
मी आमच्या बोरी गावच्या शेतकी सोसायटीचं प्रोसिडिंग बावीस वर्षं लिहिलं. 'ठराव सर्वानुमते मंजूर' हे ती माझ्याच वहीत बघून गिरवायला शिकली. छाती फुगली. फुगू दे.

६ ऑगस्ट, बुधवार
पारावर सांगितलंच. राहवेना. शेजारचा भिकाजी म्हणाला, "आप्पा, कांद्याची निर्यात बंद व्हणार म्हंत्यात. ते बी त्याच कमिटीत ठरतं का?" म्हटलं, "तिथंच." झालं! गावाचा सगळा कांदा अजून साठवणीच्या चाळीत. बंदी आली तर भाव आपटणार, म्हणजे आधी विकावा. नाही आली तर थांबलेला शहाणा. आता जो तो माझ्या तोंडाकडं बघतोय.

१० ऑगस्ट, रविवार
चूक केली. फोनवर विचारलं, "नंदे, कांद्याचं काय घाटतंय?"
म्हणाली, "आप्पा, हे मी माझ्या सावलीलाही सांगत नाही. पुन्हा विचारलंत तर रविवारचा फोन बंद." ठेवला.
लाज वाटली. आमच्या सोसायटीत ठराव आधी चहाच्या टपरीवर फुटायचा, मग मीटिंग. मला वाटलं सगळीकडं तसंच. साठी उलटून गेली आणि पोरीनं कान उपटले. बरं झालं.

१३ ऑगस्ट, बुधवार
वाऱ्यानं चाळीचा पत्रा उडाला, पाऊस आत. कोपऱ्यातला कांदा सडला, बाकीच्याला वास लागला. उरलेला टेम्पोत भरून आळेफाट्याच्या बाजारात विकला. इलाज नव्हता.

१४ ऑगस्ट, गुरुवार
सकाळी बघतो तर भिकाजीची चाळ उघडी. त्याच्यामागं आख्खी आळी. टेम्पोवर टेम्पो. का, तर "आप्पानं माल काढला, म्हंजी पोरीनं इशारा दिला!"
पत्रा उडाला हे हात जोडून सांगितलं. भिकाजीनं डोळा मारला. "कळलं, कळलं. आमी कुटं बोलतोय!"
हे बोलणं दिल्लीला पोचलं तर पोरीची नोकरी गेली. अब्रूही. सडका कांदा पाटीत भरून नेला, पारावर ओतला. म्हटलं, "हा बघा इशारा. हुंगा!" हसले सगळे. टेम्पो गेले ते गेलेच.

१७ ऑगस्ट, रविवार
फोन नाही. दिवसभर फोनपाशी बसलो. ही म्हणाली, "पोरगी बापावर गेलीया, हेकट." गेली तर गेली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
संध्याकाळच्या बातम्या. समिती बसली. निर्यात चालूच राहणार.
गावात चाळी रिकाम्या. माझी पण. आळेफाट्याचे शेठ म्हणे उद्यापासून कांद्याला चढा भाव देणार. भिकाजी समोरून गेला, मान वर केली नाही. त्याचं फार वाईट वाटतं.
पण इथं खोटं कशाला लिहू? आम्ही सगळे फसलो, म्हणजे पोरीनं तोंड उघडलं नाही. गावाला आता पटलं, बापालाही सांगत नाही. असा दाखला कुठल्या कचेरीत मिळत नाही. हिला म्हटलं, शिरा कर. ती बघतच राहिली. केला मात्र.

२४ ऑगस्ट, रविवार
फोन आला! गणपतीला येते, शनिवारी. आवाजात हसू मावत नव्हतं. "आप्पा, ऐकलंत ना बातम्यांत? आता सांगते, इतके दिवस जीव नुसता घुसमटत होता. तुमचा कांदा चाळीत आहे ना?"
"आहे," म्हणालो. तोंडातून निघून गेलं.
फोन ठेवला तर दारात भिकाजी. किती ऐकलं कोण जाणे. दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलला. "पोरगी लई खरी हाये तुमची, आप्पा. पर पुढल्या टायमाला पत्रा आधी ठोका." चहा न घेता गेला.
एसटीतून उतरलं की पहिली आमची चाळच दिसते. शनिवारपर्यंत पत्रा ठोकून होईल. आत काय दाखवायचं ते अजून ठरलं नाही.