एका ‘गेट’मध्ये सगळं इंग्रजी

३ फेब्रुवारी, सोमवार
शिवांजलीचा बेंगळुरूहून फोन. चौदा तारखेला सासू-सासऱ्यांना घेऊन साताऱ्याला येतेय. मग आवाज खाली करून म्हणाली, “अप्पा, एक सांगू? सासऱ्यांना वाटतं, तुम्ही आमच्या लग्नावर नाराज आहात. कोइमतूरला लग्नात तुम्ही त्यांच्याशी एक शब्द बोलला नाहीत.”
मी आणि नाराज! जावई सोन्यासारखा. त्याचे वडील षण्मुगमसाहेब पोस्टातून रिटायर झालेले, सज्जन गृहस्थ. पण त्यांना तमिळ आणि इंग्रजी, मला मराठी. म्हणून लग्नात गप्प बसलो. मला वाटलं, भारदस्त दिसतोय.
निश्चय : पाहुणे यायच्या आत इंग्रजी. उद्यापासून पहाटे उठणे.

४ फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ
आत्ता उठलो. झोपमोड झाली की पाठांतर टिकत नाही, हे शास्त्र आहे.
पोवई नाक्यावरून जाडजूड डिक्शनरी आणली. सौ. विजयमाला म्हणाली, “उशीला बरी हाय.” काही माणसांना ज्ञानाची कदरच नसते.

५ फेब्रुवारी
‘ए’पासून सुरुवात. दुसऱ्या पानावर डोळा लागला.
संध्याकाळी शेजारचे रमजानभाई आले. मिल्ट्रीतून रिटायर. त्यांनी मार्गच दाखवला. म्हणाले, “मानसिंगराव, समदी डिक्शनरी कशाला वाचताय? आमचं मेजरसाहेब दिवसभर ‘गेट’वरच चालवायचं. मिळालं तरी गेट, आणलं तरी गेट, कळलं तरी गेट, पोचलं तरी गेट. म्हातारा झाला तरी गेट ओल्ड!”
डिक्शनरीत बघितलं. खरंच, गेटची पानंच्या पानं. लोक हजार शब्दांचा एकेक अर्थ शिकतात. मी एका शब्दाचे हजार अर्थ शिकणार. हिशेब तोच, ओझं कमी. रिसीव्ह, ऑब्टेन, फेच वगैरे बाकीचे शब्द इंग्रजांनी कशाला ठेवलेत कळत नाही. फुकटची भरती.

७ फेब्रुवारी
अंगणात येरझाऱ्या घालत गेटची उजळणी. सौ. आतून ओरडली, “आवं, गेटाला कडी लावलीया! किती डाव इचारताय?”
साडेचारला तिला म्हणालो, “गेट टी.” लगेच चहा आला. माझं इंग्रजी चालतं. रोज साडेचारलाच चहा असतो, हा भाग वेगळा.

१० फेब्रुवारी
पाटणला पाहुण्यांकडे साखरपुडा. अभ्यास नाही. एसटीत मनातल्या मनात उजळणी करणार होतो, पण खिडकी मिळाली.

१३ फेब्रुवारी
रमजानभाई म्हणाले, “एकदा म्हणून दावा की. गेटच्या म्होरं काय जोडताय, त्यावर लय काय हाय.” मी नम्रपणे नकार दिला. परीक्षेच्या आदल्या दिवशी हुशार विद्यार्थी आराम करतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
पाहुणे आले. हायवेला ट्रॅव्हल्स थांबली, दार उघडलं. पायरीवर षण्मुगमसाहेब. उतरा, बाहेर या, आपलंच घर समजा, हे सगळं एका दमात सांगायचं होतं. हार पुढे करून खणखणीत म्हणालो, “गेट आउट! गेट आउट!”
आवाज छान लागला. क्लीनरनेसुद्धा वळून पाहिलं. साहेब मात्र पायरीवरच थबकले. प्रवासाचा शीण. शिवांजलीने घाईघाईने त्यांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि हार माझ्या हातातून घेऊन स्वतःच त्यांच्या गळ्यात घातला. घरी आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, “अप्पा, प्लीज. तुम्ही मराठीत बोला, मी सांगते त्यांना.” पोरीला बापाची केवढी काळजी! घसा बसेल म्हणून.

१५ फेब्रुवारी, दुपार
सकाळपासून साहेब गप्प गप्प. आपणच विषय काढावा म्हटलं. ‘कसं काय चाललंय’ हे विचारायचं. चालणं म्हणजे गोइंग. जेवण झाल्यावर प्रेमाने विचारलं, “गेट गोइंग?”
साहेबांनी चष्मा पुसला आणि ते खोलीत गेले. परिणाम झालाय.

त्याच दिवशी, संध्याकाळ
साहेब बॅग भरताहेत.
शिवांजली रडत होती. म्हणाली, “काल बसच्या दारात ‘चालते व्हा’, आज जेवल्यावर ‘निघा आता’. अप्पा, दोनदा घालवलंत त्यांना! जीभ घसरली म्हणून काल कसंबसं समजावलं होतं मी. आज काय सांगू?”
मी डिक्शनरी उघडायला गेलो. सौ.ने ती हातातून काढून घेतली. “गप बसला हुता तवा बरं हुता. आता जावा आन् बोला माणसावानी. कुटल्याबी भाषंत बोला, पर बोला.”
गेलो. बॅग पलंगावर उघडी. इतके दिवस घोकलेल्या गेटांपैकी एक आठवेना. तोंड उघडलं तर मराठीच आली. म्हणालो, पोर सासरी गेली तेव्हा वाईट वाटलं, पण तुमच्या घरी गेली म्हणून नव्हे. ती वांग्याला नाक मुरडते, रागावली की भांडी आपटते, तरी तुम्ही तिला जपता, हे तिच्या फोनवरच्या आवाजात कळतं. लग्नात तुमच्या शेजारी बसून खूप बोलायचं होतं, बोलता येईना, म्हणून मिशीवर हात फिरवत बसलो.
साहेबांच्या हातात घडी घातलेला सदरा होता. तो तसाच धरून ते पलंगावर टेकले. मग बोलायला लागले. तमिळमध्ये. पुष्कळ बोलले. मला एक अक्षर कळलं नाही. मध्येच त्यांनी डोळे पुसले, म्हणून मीही पुसले. तेवढ्यात सौ. चहा घेऊन आली.

१६ फेब्रुवारी, रविवार
साहेब गेले नाहीत. सकाळी दोघंच अजिंक्यताऱ्यावर चढून आलो. ते तमिळमध्ये, मी मराठीत. चढावर दोघांनाही सारखाच दम लागला. हे सगळं माझ्या इंग्रजीच्या तयारीमुळेच जमलं, यात शंका नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
शिवांजलीचा फोन. मंडळी सुखरूप पोचली. सासरे येईल-जाईल त्याला साताऱ्याच्या व्याह्यांबद्दल सांगताहेत म्हणे. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “माझ्या इंग्रजीबद्दल काही म्हणाले?”
पोर म्हणाली, “ते म्हणाले, मानसिंगरावांची मराठी मला सगळी समजली. इंग्रजी तेवढी त्यांना बोलू देऊ नकोस.”
फोन ठेवला. सौ.ने विचारलं, “काय म्हणलं याही?”
म्हटलं, “उच्चार चांगले आहेत म्हणाले.”