हेडफोनातली नवशी मावशी

३ मे २०१८

जुन्या हेडफोनची वायर उंदराने खाल्ली. स्टुडिओवाल्या प्रविणभाईने वापीहून बिनवायरचा आणलाय. मोबाईलला जोडून गाणं ऐकलं — झकास! मग एडिटिंगला बसले, तर सगळं लग्न डबड्यात बसून बोलल्यासारखं. नवरदेवाचा बाप घोगरा, पोरं किनरी, वाजंत्री तर नुसती खरखर. म्हटलं, "भाई, तुमच्या कॅमेऱ्याचा माइक गेला." तर म्हणे, "वरून पिक्चरचं गाणंच टाकायचंय ना? आवाज कोण ऐकतंय!"

खरंच आहे. तीन वर्षं तळासरीच्या या स्टुडिओत लग्नं कापतेय. खरा आवाज काढायचा, गाणं टाकायचं, नवरीला दोन पट गोरी करायची. झालं लग्न.

४ मे

नवरा, चैत्या, उंबरगावला दुसरीबरोबर राहायला गेला, त्याला आज तीन महिने झाले. रडू येत नाही. राग पण नाही. भाकरी केली, खाल्ली.

६ मे

सायवनचं लग्न घेतलं कापायला. त्यात धवलेरी आमची नवशी मावशी! धवलेरी म्हणजे गाऊन लग्न लावणारी बाई; ती गायल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही, आणि मावशी तर चाळीस वर्षं गातेय. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. लहानपणी मांडवात तिच्या मांडीवर झोपायचे, तिचा आवाज पाठीत घुमायचा.

आज हेडफोनात ऐकला. पातळ. चिरका. मध्येच तुटतो, पत्र्यावर नख ओढावं तसा. म्हातारी झाली मावशी, एवढंच मनात आलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

८ मे

बाजाराला आली होती मावशी. टोपलीभर करवंदं घेऊन थेट स्टुडिओत. "बाय, माझं गाणं आलं ना त्यात? मला ऐकव." उभ्या आयुष्यात तिने स्वतःचा आवाज ऐकलेला नाही! मी हेडफोन तिच्या कानावर चढवला. अंबाडा आड येत होता, तो सारखा केला.

ऐकत राहिली. पहिल्यांदा हसली. मग हसू गेलं. हेडफोन स्वतःच काढला.

"ही मी?"

"हो."

"अशी गाते मी?"

मी स्क्रीनवरून नजर पण काढली नाही. म्हटलं, "मावशे, वय झालं ना आता. आवाज जायचाच."

"जायचाच," ती म्हणाली. करवंदं ठेवून गेली. चांगली होती करवंदं.

११ मे

सायवनची डीव्हीडी दिली. मावशीच्या सगळ्या गाण्यांवर डीजेचं गाणं टाकलं. तोंड तिचं हलतंय, गातंय भलतंच कुणी. घरचे खूश.

२० मे

लहान्याचा फोन. मावशीचा मुलगा. "ताई, आईला काय झालंय? चिखले गावची माणसं लग्नाला बोलवायला आली, तर अंगणातूनच परत पाठवली. म्हणते, आता मी गाणार नाही, दुसरी बघा."

मावशीने आजवर कुणाला परत पाठवलं नव्हतं. तापात सुद्धा गेलीय ती.

मी म्हटलं, "उन्हाचा त्रास असेल."

लाज कशी वाटली नाही मला? मला माहीत होतं कशामुळे ते. फोन ठेवल्यावर पुढचं लग्न कापायला घेतलं.

२५ मे

डहाणूला गेले, नीलमच्या दुकानात. आम्ही एकाच कोर्सला होतो, आता ती कॉम्प्युटर दुरुस्त करते. प्रविणभाईच्या माइकबद्दल बोलले, तर तिने माझा लॅपटॉप उघडला, हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, आणि हसायलाच लागली.

"अगं बावळट! माइक कॅमेऱ्याचा नाही, हेडफोनचा! ह्याला बोलायचा माइक पण आहे ना? तुझं सॉफ्टवेअर उघडलं की तो माइक धरून बसतं. मग हेडफोनला वाटतं फोन आलाय, नि तो फोनसारखा आवाज द्यायला लागतो. एकाच वेळी चांगला आवाज पण देईन नि माइक पण चालवीन, एवढं त्याला जमत नाही."

सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये इनपुट होतं, तिथे 'नो इनपुट' केलं. मग विंडोजमध्ये जाऊन हेडफोनचं हँड्स-फ्री बंद केलं. दोन मिनिटं! "मोबाईलवर झकास होता म्हणतेस, मग शंका कशी नाही आली?" शंका येऊन कॅमेऱ्यावर गेली, काय सांगू.

मग मी सायवनचं लग्न लावलं.

मावशी गात होती. भरून, सावकाश, खालून वर. एक चीर नाही. श्वास घेतलेला पण ऐकू येत होता. नवरदेवाचा बाप सुद्धा माणसासारखा बोलत होता! ३ तारखेच्या लग्नातला बाप पण घोगराच ऐकू आला होता की. सगळेच डबड्यात होते. त्यांच्यासाठी मी माइकला दोष दिला, आणि मावशीसाठी मावशीला.

नीलम म्हणाली, "चहा घे, पांढरी पडलीस." चहा प्याले. चव लागली नाही.

२७ मे

जीपने सायवन. मावशी भाताचं बियाणं पाखडत होती. मी धडाधडा सगळं सांगितलं — माइक, फोन, सेटिंग. ती सूप हलवत राहिली. हेडफोन पुढे केला, तर हात मागे घेतला.

"एकदा ऐकलं ना बाय."

"मावशे, ते खोटं होतं! हे खरं आहे, ऐक तरी!"

"तूच सांगितलंस ना, काळ्या पोरीला तुम्ही त्याच्यात गोरी करता? मग आवाजाला पण करत असाल." चिडून नाही म्हणाली. मला समजावत होती. "तू खरं बोललीस ते बरं केलंस. बाकीचे माझा मान राखायला बोलत नव्हते. नवऱ्या-नवरीला फाटका आवाज कशाला द्यायचा?"

दर लग्नात नवऱ्या गोऱ्या केल्या, आता माझ्या खऱ्यावर कोण विश्वास ठेवील?

लहान्या सांगत होता, चिखल्याचं लग्न दुसरी धवलेरी मिळेपर्यंत अडून राहिलं. पोरगी हळद लावून बसलेली.

निघताना मावशीने सुकट बांधून दिली. नको म्हणायला तोंड नव्हतं.

१ जून

सायवनची डीव्हीडी परत मागवली. मावशीचा खरा आवाज घालून देणार. प्रविणभाई म्हणे, "वेड लागलं का? त्यांनी कुठे तक्रार केलीय?" मी म्हटलं, "मी करतेय."

४ जून

काम चालू. एक नवरी होती तशीच ठेवली.

९ जून

सायवनचं पूर्ण झालं. शेवटचं ऐकायला स्पीकर लावला होता. पाठमोरी होते. दारात कधी आली कळलंच नाही. मागून मावशीचा आवाज — "ही कोण गं? कुठली? काय गळा आहे बाईचा! लहान्याला सांगते, लोक आले की हिच्याकडे धाडत जा. नाव काय तिचं?"

मी वळले. नाव सांगितलं.

मावशी दारातच खाली बसली. मी पण तिच्याजवळ जाऊन बसले, आणि फेब्रुवारीपासूनचं सगळं रडले.