वडिलांच्या फोटोखालची फळी

सातपूर, नाशिक
शुक्रवार, दि. २१ नोव्हेंबर २०२५
सकाळी ६ वाजून २० मिनिटे. चहा गाळला, आईला दिला, माझा झाकून ठेवला आणि लिहायला बसलो.

प्रिय निकिता,

तुझ्या कंपनीची बस आत्ताच नाक्यावर दोनदा हॉर्न वाजवून गेली. तुझ्यासाठी वाजवला असेल असं नाही, पण मी उठून पाहिलं. आम्ही इकडे बरे आहोत. आईचा गुडघा थंडीने धरला आहे. तुळशीला पाणी मी घालतो. तुझ्या सुपरवायझर मॅडमचा फोन आला होता. बुधवारपर्यंत रजा मांडते, त्यापुढे जमणार नाही, म्हणाल्या. तुझ्या माहेरी, नामपूरला, थंडी जास्त असेल. पायात मोजे घालत जा.

तुझ्या बाबांनी फोन करायचा नाही असं सांगितलं आहे, म्हणून हे लिहितो. रोहित उद्या ट्रॅक्टरचा पार्ट घ्यायला नाशिकला येणार आहे. माझ्याशी तो दोनच वाक्यं बोलला, पण त्यातलं एक होतं, “चिठ्ठी द्या दाजी, तायडीच्याच हातात देईन.” तुझा भाऊ चांगला आहे.

आता फळीचं सांगतो, कारण सगळा घोटाळा तिच्यापासून झाला.

तुझ्या स्टीलच्या डब्यात सगळं एकात एक अडकून बसतं. माळा, झुमके, केसांच्या पिना, सगळं. सकाळी घाईत तू तो डबा चादरीवर पालथा करतेस. तुमच्या कंपनीत बिस्किटांच्या लाइनवर अंगावर काहीच चालत नाही, बांगडी नाही, कानातलं नाही, गळ्यातलंही नाही. म्हणजे रोज काढायचं आणि रोज घालायचं. तेव्हा दाराजवळ भिंतीवर एक फळी असावी, प्रत्येक वस्तूला आपला हुक असावा, जाताना अडकवलं, येताना घेतलं, असं माझ्या मनात आलं. आमच्या वर्कशॉपमध्ये प्लायचा एक तुकडा उरला होता. कडा पॉलिशपेपरने घासल्या, नाहीतर ओढणी अडकते. सोफ्याचं उरलेलं मरून रंगाचं मखमल ताणून चिकटवलं. वरच्या बाजूला पितळी कप हुक. झुमक्यांसाठी खिडकीच्या जाळीचा तुकडा चौकटीत बसवला. बांगड्यांसाठी आडवी पडद्याची नळी.

मुस्तकीमभाई शेजारी कपाटाला पॉलिश मारत होते. मला दोन वेळा मोजताना पाहून म्हणाले, “शेखर, इतका माल आहे? मग फळी कशाला, लॉकरच बनव ना.” मी म्हटलं, सोनं म्हणाल तर दोन वाट्या आणि चार मणी, बाकी सगळं नाशिक रोडच्या स्टॉलवरचं. ते म्हणाले, मग तर नीटच बनव, खोटं लवकर काळं पडतं.

फळी कुठे लावायची याचा मी खूप विचार केला. शेगडीची वाफ लागू नये. खिडकीचा उजेड पडावा. तुझा हात टाचा न उचलता पोचावा. एकच जागा सापडली. लेव्हल लावून पाहिली, बुडबुडा बरोबर मध्ये. सगळं अडकवून झाल्यावर मधल्या मोठ्या हुकाला मंगळसूत्र लावलं, फोटो काढला आणि रोहितला पाठवला, तुला दाखव म्हणून.

वर काय आहे ते मी पाहिलंच नाही. वर अण्णांचा फोटो आहे. हार घातलेला. त्याच्या बरोबर खाली माझ्या बायकोचं मंगळसूत्र, रिकामं, भिंतीला टांगलेलं.

मी पाठवलेला फोटो रोहितच्या मोबाइलवर तुझ्याआधी तुझ्या बाबांनी पाहिला. त्यांचा फोन आला तेव्हा मी समोसा खात होतो. ते ओरडले नाहीत. म्हणाले, “पाव्हणं, काय सांगायचंय ते तोंडाने सांगा. असं भिंतीला लटकवून दाखवू नका.” मी पंचवीस मापं घेतली असतील, हे एक राहिलं. मला काही सांगायचं नव्हतं. फक्त त्या वस्तूला सगळ्यात चांगली जागा दिली होती. रविवारी अकराला बैठक, तुमच्याकडची माणसं आणा, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी त्यांना सांगितलं होतं की तू मंगळसूत्र घाईत विसरलीस, तुटलं होतं म्हणून राहिलं. अर्धं खरं आहे. त्या सोमवारी डब्यात ते दुसऱ्या साखळीत गुंतलं, बाहेर बस हॉर्न देत होती, तू ओढलंस आणि ते वाढलं. पण तू विसरलेली नाहीस. गॅसचं बटण तू दोनदा तपासतेस. तू माहेरी गेल्यावर मंगळसूत्र मला माझ्या मेजर टेपच्या पाकिटात सापडलं, आणि ते पाकीट सकाळी सगळ्यात आधी मीच उघडतो.

निकिता, त्या संध्याकाळी आई जे बोलली ते मी ऐकलं होतं. “आम्ही काढलं ते एकदाच काढलं. तुम्ही रोज काढता आणि तुटलं तरी कामाला पळता.” तू माझ्याकडे पाहिलंस. मी खुर्चीचा स्क्रू पिळत बसलो. तो आधीच घट्ट होता. आई अण्णांचं दुःख बोलते, हे मला कळत होतं. तुला लागलं, हेही कळत होतं. दोघींपैकी कोणाचं मन राखायचं हे कळेना, म्हणून स्क्रू. तुला वाटलं असेल मी आईच्या बाजूचा आहे. मी कुठल्याच बाजूचा नव्हतो, ते जास्त वाईट.

काल मी आईशी बोललो. म्हटलं, ती कंपनीत जाताना काढणार, आल्यावर घालणार, त्याने मी मरत नाही. आईने गुडघा चोळला. मग म्हणाली, “तुझ्या बापाला माझ्या खाटेकडे लाव. तिथं त्यांना तरी सोबत होईल.” तू परत येशील का, हे तिने विचारलं नाही. मला वाटतं ती घाबरते. मीही घाबरतो. रात्री दार वाजलं की मी उठून बसतो आणि शेजारच्यांचं असतं.

बैठकीला मी माझ्या मामांना आणणार नाही. एकटा येईन, पहिल्या गाडीने, अकराच्या आत. चार माणसांत बसल्यावर ते तुझ्याकडून कंपनी सोडायचं कबूल करून घेतील आणि सगळे चहा पिऊन उठतील. मला ते नको आहे. मी त्यांच्यासमोर सांगणार आहे की नोकरी तुझी आहे, आणि गळ्यात कधी काय घालायचं ते तू ठरवशील. बोलताना अडखळलो तर हसू नकोस, आणि हसलीस तरी चालेल.

फळीवर गाठ मारून अडकवलेलं मंगळसूत्र आता सराफाकडून ओवून आणलं आहे. रोहितबरोबर पाठवत नाही, ती दुसऱ्याच्या हाती द्यायची वस्तू नाही. शर्टाच्या आतल्या खिशात घेऊन येतो. नको असेल तर बैठकीत सांगू नकोस. मला आधी मागच्या अंगणात बोलाव आणि तिथे सांग. मी ऐकून घेईन. स्क्रू बरोबर आणणार नाही.

तुझी वाट पाहणारा, आणि आता तोंडाने बोलणारा,
शेखर

ता. क. तू विचारशीलच म्हणून खर्च लिहितो. कप हुक ९६, जाळी ६०, फेविकॉल ४५, स्क्रू २२, सराफाची मजुरी १५०. एकूण ३७३. प्लाय, नळी आणि मखमल फुकट. मुस्तकीमभाईंचे पॉलिशचे ५० द्यायचे आहेत. एसटीचे ५२५ वेगळे काढून ठेवले आहेत: जाताना माझं एक तिकीट, येताना एक पूर्ण आणि एक बायकांचं अर्धं.