तिसऱ्या नळीतली लाळ

लुंड, ११ ऑक्टोबर १९६८

ती. सिग्नेताईस,

धाकट्या तूराचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा, भावोजींचा खोकला आणि आईबाबांची कुरबुर, सगळं नेहमीसारखंच असेल असं धरून चालते.

मी विद्यापीठात संशोधन करते असं आई गावभर सांगते म्हणे. संशोधन डॉक्टर एकदाल करतात. मी मांजराची लाळ गोळा करते. (गुंगी दिलेल्या मांजराची. ते पुन्हा उठणार नसतं, म्हणून सकाळी मी त्याच्या कानामागे खाजवून घेते.) लाळेच्या ग्रंथीत दोन मज्जातंतू जातात. एकाला विजेचा हलका झटका दिला की लाळ नुसती धो धो, पण निव्वळ पाणी. दुसऱ्याला दिला की कसेबसे चार थेंब, चिकट, पण प्रथिनांनी गच्च. एवढं जुन्या लोकांनाही ठाऊक होतं. मंगळवारी डॉक्टरांनी दोन्ही तंतू आधी एकेक करून आणि मग एकदम चेतवले. प्रत्येक वेळी सारख्याच मिनिटांची लाळ मी वेगळ्या नळीत घेतली, तिसरीत दोन्ही तंतूंची, औषध घातलं (जितकी प्रथिनं जास्त, तितका रंग निळा) आणि कॉफी आणायला गेले. परत येते तर तिसरी नळी शाईसारखी. पहिल्या दोन्हींची बेरीज केली तरी एवढा निळा होत नाही.

"तूराबाई, नळ्यांची अदलाबदल केलीत," डॉक्टर म्हणाले.

"नाही केली."

"मागच्या महिन्यात केली होतीत."

केली होती. (तेव्हाच बजावलं होतं, पुन्हा चुकलात तर घरी.) मी म्हटलं, थोडी लाळ शिल्लक आहे, तुम्ही स्वतः मोजा. त्यांनी मोजली. तोवर मी खिडकीशी उभी, तोंडाला कोरड पडलेली. रंग तोच. काल दुसऱ्या मांजरावर केलं, तरी तोच. मग डॉक्टर स्टुलावर बसले, नळी उजेडात धरली आणि बराच वेळ आम्ही दोघं पाहत राहिलो. ताई, शेंगदाण्याएवढी ती ग्रंथी. एकट्याला जमत नाही ते दोन तंतू मिळून तिच्याकडून करून घेतात, आणि आपल्या तोंडात हे घासागणिक चालू असतं. दुपारी हेरिंग माशाचा तुकडा तोंडात होता, मी चावायचीच थांबले.

तुझी,
तूरा

ता. क. नाताळला येते.

ता. क. खरं पत्र इथून सुरू. डॉक्टरांनी कायमची जागा दिली, मी हो म्हटलं. बाबांनी दूधडेअरीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवलाय, त्यांना तू सांग. मला धीर होत नाही.

ता. क. काम काय विचारलं तर "प्रयोगशाळेत असते" एवढंच म्हण. नको, लाळ गोळा करते असंच सांग.